दाब घटला की करंट वाढतो : शेतपंप जळण्यामागचं गणित

‘व्होल्टेज डिम आहे, मोटार चालू करू नको’ हे रब्बीत गावोगावी ऐकू येतं. असं सांगणाऱ्या बापाच्याच घरात दहावीला असलेल्या मुलाला हे पटत नाही. व्होल्टेज कमी तर करंट कमी, करंट कमी तर उष्णता कमी. मग मोटार जळेल कशी? त्याची शंका रास्त आहे. पुस्तकातला ओहमचा नियम खरा आहे आणि बापाचा अनुभवही खरा आहे. चूक होते ती तो नियम मोटारीला जसाच्या तसा लावण्यात.

नियम जिथे चोख बसतो ते उदाहरण आधी घेऊ. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, इथे साधारण २६.५ ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती मिळते, २००० वॅट. आता दाब, म्हणजे व्होल्टेज, १८० व्होल्टवर आला. रोध जवळपास तोच, म्हणून करंट ६.८ अँपिअर आणि शक्ती १२२५ वॅट. दाब फक्त २२ टक्के घटला, पण शक्ती ३९ टक्क्यांनी, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. पाणी उशिरा तापतं, गिझरला मात्र काही होत नाही.

आता विहिरीवरची ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र) घ्या. वायर काढून दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावला, तर वाइंडिंगचा, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेचा, रोध जेमतेम काही ओहम दिसतो. ४ ओहम धरला, तर ४१५ व्होल्टला शंभराच्या वर अँपिअर वाहायला हवेत. पण चालत्या मोटारीच्या वायरीला टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट दाखवणारा चिमट्यासारखा मीटर) लावा, ७-८ अँपिअर दिसतील. मग एवढा करंट अडवला कोणी?

अडवला तो मोटारीनेच. वाइंडिंगमधल्या करंटमुळे आत फिरतं चुंबकक्षेत्र तयार होतं, आणि तेच क्षेत्र त्याच वाइंडिंगमध्ये उलटा दाब निर्माण करतं. हा उलटा दाब लाइनच्या दाबाच्या जवळपास जातो. म्हणून चालत्या मोटारीत व्होल्टेज भागिले करंट करून जो आकडा मिळतो, तो तांब्याच्या तारेचा रोध नसतो.

आता खरी मेख. ५० हर्ट्झला दोन ध्रुवांच्या मोटारीतलं हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, थोडा मागे राहतो, पूर्ण भारावर समजा २८५० फेरे. त्या मागे राहण्यामुळेच रोटरच्या दांड्यांत करंट उत्पन्न होतो. क्षेत्राची ताकद आणि हा करंट यांच्या गुणाकारावर फिरवण्याचा जोर ठरतो. लाइनचा दाब ४१५ वरून ३३२ व्होल्टवर आला, म्हणजे २० टक्के घटला, की क्षेत्रही तेवढंच दुबळं होतं. पण विहीर तेवढीच खोल आहे, पंपाला जोर जवळजवळ पूर्वीइतकाच हवा. गुणाकारातला एक आकडा ०.८ झाला तर दुसरा १.२५ व्हायलाच हवा. रोटर आणखी मागे घसरतो, त्यातला करंट सव्वापट होतो, आणि त्याची भरपाई लाइनमधून येते. क्षेत्र उभं करायला लागणारा करंट तेवढ्यात कमी होतो, म्हणून वायरीतली वाढ सव्वापट न होता ७.७ वरून साधारण पावणेनऊ अँपिअरपर्यंत जाते. पॅनेलवर व्होल्टमीटरचा काटा खाली आणि अँमीटरचा वर, हे दृश्य म्हणजे हाच हिशेब.

उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे वाइंडिंगमध्ये सुमारे ३० टक्के आणि रोटरमध्ये ५० टक्क्यांहून जास्त. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, त्याने उष्णतेत आणखी भर. तारेवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य दर १० अंशांमागे निम्मं होतं, असा मोटारवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. दाब २५० व्होल्टपर्यंत खचला तर जोर ३६ टक्क्यांवर येतो. रोटर थांबतो, उलटा दाब नीट उभा राहत नाही, करंट तीन-साडेतीन पट चढतो आणि काही मिनिटांत वार्निश जळल्याचा वास येतो.

लाइट येताच मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटोस्विचचा धोका यातूनच कळतो. पूर्ण दाबावर सुरू होताना मोटार पाच-सहा पट, म्हणजे सुमारे ४० अँपिअर ओढते. लाइट येताच दहा पंप एकदम उठले की ४०० अँपिअर. १०० केव्हीएच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, पूर्ण क्षमता १३९ अँपिअरच्या आसपास. दाब कोसळतो, मोटारी वेग घ्यायला वेळ लावतात आणि तेवढा वेळ दाब खालीच राहतो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगते ते याचसाठी. क्षेत्र उभं करायला लागणारा करंट बराचसा कॅपॅसिटरच पुरवतो, म्हणून ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला तर लाइनमधला करंट ७.७ वरून साडेसहा अँपिअरच्या आसपास येतो, आणि लाइनमध्ये वाया जाणारी वीज पाव हिश्शाहून जास्त घटते.

घराच्या प्लगमध्ये खोचायची ‘वीज बचत’ डबी मात्र निव्वळ फसवणूक आहे. बऱ्याचदा तिच्यातही छोटा कॅपॅसिटरच असतो. पण घरचं मीटर प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचं बिल करतं, आणि कॅपॅसिटरने ती युनिटं कमी होत नाहीत. कोणी बिल निम्मं होतं म्हणून विकायला आला, तर डबी लावून आणि काढून मीटरमधली युनिटं मोजायला सांगा.

पंपासाठी शेवटचं. करंट ठरल्यापेक्षा जास्त झाला की मोटार बंद करणारी ओव्हरलोड रिले स्टार्टरमध्ये असते, तिच्यावर अँपिअरची चकती असते. ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून ती वर सरकवली जाते. ती मोटारीच्या प्लेटवरच्या आकड्याला लावा, स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले फेजच्या वायरीत असेल तर त्याच्या ५८ टक्क्यांना. आणि रिले ट्रिप झाली की आधी व्होल्टमीटर पाहा.