इंडिकेटर दिला म्हणजे वाट मिळाली, असं नाही

"मी इंडिकेटर दिला होता ना!" गाडी घासली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. दिवा लुकलुकला की मागच्याने थांबायलाच हवं, हा जुना समज त्यामागे असतो. तो साफ चुकीचा आहे. इंडिकेटर फक्त इरादा सांगतो, आधी जाण्याचा हक्क देत नाही. १९६८च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही क्रम स्पष्ट आहे: आधी कुणाला धोका नाही याची खात्री, मग पुरेसा इशारा, मग वळण.

हा दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. स्टिअरिंग फिरवता फिरवता दांडी ओढली, तर मागच्याला जेमतेम एखादी उघडझाप दिसते. ताशी ६० किलोमीटरने येणारी दुचाकी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. ब्रेक दाबेपर्यंत तुमचं दार तिच्या चाकासमोर! याचा मला मनापासून राग येतो, कारण आपटतो तो दुचाकीवाला.

उलट बाजूही आहे. लेन बदलताना स्टिअरिंग थोडंसंच फिरतं, त्यामुळे इंडिकेटर बऱ्याचदा आपोआप बंद होत नाही. तो तसाच चालू राहतो आणि बाजूच्या रस्त्यावरचा माणूस, 'हा वळतोय' असं समजून पुढे येतो. त्यानेही समोरच्याचा वेग कमी झालेला दिसेपर्यंत थांबावं.