नाचणी-वरईची प्रादेशिक अर्थव्यवस्था

नाचणी-वरईची प्रादेशिक अर्थव्यवस्था : बारीक दाण्याच्या भरडधान्यांचे बियाणे, लागवड, साठवण, भरडणी, दळण, विक्री आणि रोजचे जेवण ही सगळी साखळी एकाच प्रदेशात उभी असणे आणि तिच्यातल्या कमाईचा मोठा वाटा तिथल्याच माणसांकडे राहणे, अशी व्यवस्था. महाराष्ट्रात तिचा विचार प्रामुख्याने सह्याद्रीच्या उतारांवरच्या नाचणी (नागली) आणि वरई (वरी) या दोन पिकांसंबंधी होतो. राळा, हरीक किंवा कोद्रा, सावा आणि सातपुड्यातली बर्टी ही धान्येही याच गटातली. ज्वारी-बाजरीची बाजारपेठ जुनी आणि मोठी असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

ही पिके वरकस जमिनीची आहेत. भातखाचरांच्या वर, डोंगरउतारावर, जिथे माती पातळ आणि पाणी न थांबणारे, तिथे ती घेतात. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पालघरमधील जव्हार-मोखाडा, अकोले, जुन्नर, आंबेगाव, भोर, पुढे महाबळेश्वर-पाटणपासून राधानगरी-शाहूवाडीपर्यंत आणि घाटाखाली कोकणात हा पट्टा पसरलेला आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर या समाजांचे वर्ष याच पिकांवर बेतलेले असे. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यात बी टाकायचे आणि महिन्याभराने रोपे उतारावर लावायची. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग हरीक किंवा खुरासणी (कारळा) आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पड, असा फेर जुन्या शेतीत होता. पातळ मातीला विसावा देणारी ही पद्धत होती. तिला मागास म्हणणाऱ्यांनी तो उतार चढून पाहिलेला नसतो.

शेजारी-शेजारी वाढणाऱ्या या दोन धान्यांचे दैव मात्र सारखे नाही, आणि त्याचे कारण दाण्यावरच्या टरफलात आहे. मळणी होताच नाचणीचा दाणा मोकळा होतो. तो पाखडून, धुऊन, वाळवून थेट जात्यावर किंवा गावातल्या गिरणीत दळता येतो. वरई, राळा, सावा, हरीक यांचा दाणा कठीण टरफलात बंद असतो. ते काढल्याशिवाय धान्य खाता येत नाही आणि साध्या पिठाच्या गिरणीत ते निघत नाही. पूर्वी हे काम घरोघरी घिरटावर (टरफल काढायच्या जात्यावर) किंवा उखळ-मुसळाने होई. पायलीभर वरई कांडून, पाखडून, पुन्हा कांडायला बाईचा अर्धा दिवस जाई. कांडणारे हात थकले, मुली शाळेत गेल्या, तरुण मुंबई-नाशिकला कामाला गेले आणि वरई घरच्या ताटातून उठली. गावाने ती पिकवणे सोडले नाही, पण खाणे कमी केले. भरडधान्याच्या ऱ्हासाचे खापर बहुधा बदललेल्या आवडीवर फोडले जाते. वरईच्या बाबतीत मुसळाचे कष्ट हे त्याहून मोठे कारण मानले पाहिजे.

टरफल काढलेल्या वरईला भगर किंवा वरीचे तांदूळ म्हणतात (बाजारात या नावाखाली साव्याच्या जातीचे धान्यही विकले जाते). भगरीच्या गिरण्यांचे देशातले एक मोठे केंद्र नाशिक आहे. तिथे आसपासच्या तालुक्यांतली वरई येतेच, शिवाय मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा येथूनही माल येतो. या धंद्याला आधार आहे तो उपवासाचा. एकादशी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र या दिवसांत भगर आणि दाण्याची आमटी मराठी घरात हमखास शिजते. नाचणी उपवासाला चालत नाही, म्हणून तिला असे हक्काचे गिऱ्हाईक नाही. धर्माचाराने एका डोंगरी धान्याला शहरात जागा राखून ठेवली, पण तिचा फायदा डोंगरावर क्वचितच पोचला. वरई कापणीला येते दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा शेतकऱ्याला उधारी फेडायची असते, म्हणून ती टरफलासकट लगेच विकली जाते. मागणी चढते ती पुढच्या श्रावणात. मधले आठ-नऊ महिने ज्याच्याकडे गोदाम आणि गिरणी आहे, भाव त्याच्या हातात. तोच शेतकरी आषाढी एकादशीला किराणा दुकानातून भगरीची पुडी विकत आणतो.

नाचणीची वाट रेशनच्या गव्हा-तांदळाने अडवली. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकारी खरेदी, गोदामे आणि स्वस्त धान्य दुकाने ही सारी यंत्रणा पुढे मुख्यतः या दोन धान्यांभोवतीच वाढली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला १ रुपयाने देण्याची तरतूद होती, तरीही दुकानात प्रामुख्याने गहू-तांदूळच येत राहिले. कोकणात वरकस जमिनी आंबा-काजूखाली गेल्या. राहिलेल्या पिकाची नासाडी रानडुकरे आणि माकडे करतात. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला राखण परवडत नाही.

नाचणीला केंद्र सरकारचा हमीभाव आहे. २०२४-२५ साठी तो क्विंटलला ४,२९० आणि २०२५-२६ साठी ४,८८६ रुपये होता. वरई, राळा, सावा यांना केंद्राचा स्वतंत्र हमीभाव नाही. छत्तीसगडने २०२१ पासून कोदो-कुटकीला स्वतःचा दर दिला (कुटकी म्हणजेच आपली वरई). हमीभाव जाहीर होणे आणि खरेदी केंद्र गावाजवळ उघडणे यांत मात्र फार अंतर असते.

दोन शेजारी उदाहरणे येथे सांगण्यासारखी आहेत. तेलंगणातील जहिराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९० च्या दशकात स्वतःची पर्यायी रेशनव्यवस्था उभी केली. पड जमिनी पुन्हा लागवडीखाली आणून त्यावर ज्वारी आणि इतर भरडधान्ये घेतली, धान्य गावातच साठवले आणि गावातल्या गरीब घरांना स्वस्तात दिले. ओडिशाने २०१७ मध्ये मिलेट मिशन सुरू केले. त्याचा क्रम विशेष लक्षात घ्यावा असा : शहरातली दुकाने नंतर, आधी आदिवासी घरात पुन्हा नाचणी शिजली पाहिजे. बियाणे, लागवड, गावपातळीवरची यंत्रे, महिला बचत गटांची प्रक्रिया केंद्रे, हमीभावाने खरेदी आणि तीच नाचणी रेशनमधून परत, अशी साखळी त्यांनी जोडत नेली. पुढे अंगणवाडीत नाचणीचे लाडूही आले. सरकारी खरेदीचे धान्य त्याच प्रदेशातल्या पोटात जाणे हे या प्रयोगाचे खरे यश आहे.

केंद्राने २०१८ हे राष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळले आणि या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले. त्याच सुमारास महाराष्ट्रानेही मिलेट मिशन हाती घेतले. नाचणीची बिस्किटे, नूडल्स, शेवया यांचा बाजार त्यातून वाढला. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे शहरात आता पुष्कळांना ठाऊक आहे. संशोधनाचा पाया त्याआधीचा आहे. दापोली कृषी विद्यापीठाने नाचणीचे सुधारित वाण दिले, तर राहुरी विद्यापीठाच्या कोल्हापूर केंद्रातून नाचणीबरोबर वरईचा ‘फुले एकादशी’ हा वाण आला. अकोले तालुक्यात स्थानिक वाणांच्या बियाणे बँका उभ्या राहिल्या. तिथल्याच राहीबाई पोपेरे यांना बियाणे जतनाच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री जाहीर झाला.

साखळीतला कच्चा दुवा अजूनही मधलाच आहे. खडे काढणारे यंत्र, प्रतवारीच्या चाळण्या आणि टरफल फोडणारा हलर असा लहान संच बचत गटाला किंवा शेतकरी कंपनीला चालवता येतो. पण त्याला वर्षभर पुरेल इतका माल, भरवशाची वीज आणि कापणीच्या महिन्यात शेतकऱ्याला रोख देण्याइतके खेळते भांडवल लागते. यंत्रासाठी अनुदान मिळते, खेळत्या भांडवलासाठी सहज मिळत नाही, आणि दोन हंगाम चालून संच बंद पडतो. वेगवेगळ्या धान्यांचे दाणे कमी-जास्त जाडीचे असल्याने प्रत्येक वेळी चाळण्या बदलाव्या लागतात. ते जाणणारा माणूस गावात तयार करावा लागतो.

साठवणीचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी चढते आणि तिच्या विषाने उपवासाच्या दिवसांत उलट्या, चक्कर, थरथर अशी विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात पुनःपुन्हा घडतात. म्हणून सुटे भगरपीठ घेऊ नये. भगर निवडून, धुऊन, घरीच दळावी. लांबच्या मालापेक्षा जवळच्या गिरणीचा ताजा माल इथे उजवा ठरू शकतो, पण वरई नीट वाळवून भरडली असेल तरच.

ग्राहकाची सवयही आड येते. शहरात भगर पांढरीशुभ्र हवी असते, म्हणून तिला पॉलिश करतात आणि त्यात कोंड्याबरोबर तंतू व खनिजे जातात. बिनपॉलिशची भगर करड्या झाकेची आणि चवीला भरदार असते, पण कोंड्यातल्या तेलामुळे ती लवकर खवट होते. तेव्हा पुडीवर भरडल्याची तारीख ठळक छापावी आणि एका वेळी थोड्या दिवसांत खपेल एवढेच भरडावे. उरलेली वरई टरफलासकट कणगीत ठेवली, तर ती पुढच्या श्रावणापर्यंत सहज टिकते.