उमेदवाराच्या प्रचाराचा खर्च सरकार देते का?

‘उमेदवाराचा प्रचार सरकारी पैशातून होतो, म्हणजे आपल्याच करातून,’ असा मजकूर प्रत्येक निवडणुकीत फिरतो. तो पटतो, कारण निवडणुकीवर सरकारचे पैसे खर्च होताना आपण पाहतोच. मतदान केंद्रे, यंत्रे, कर्मचाऱ्यांचे भत्ते हा सगळा खर्च सरकारी. लोकसभेचा केंद्र करते, विधानसभेचा राज्य.

पण सभेचा मांडव, गाड्या, पत्रके, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता यांसाठी भारतात सरकार उमेदवाराला रोख रक्कम देत नाही. तो पैसा स्वतःचा, पक्षाचा किंवा देणगीदारांचा. मोठ्या राज्यांसाठीचे ९५ लाख (लोकसभेसाठी) आणि ४० लाख (विधानसभेसाठी) हे २०२२ मध्ये ठरलेले आकडे खर्चाच्या कमाल मर्यादेचे आहेत, अनुदानाचे नाहीत. गोंधळ बहुधा इथेच होतो. शिवाय ही मर्यादा उमेदवारापुरती. पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा नाही, आणि माझ्या मते खरा काळजीचा मुद्दा तो आहे.

सरकारी मदत अगदीच नसते असेही नाही. मान्यताप्राप्त पक्षांना सरकारी रेडिओ-टीव्हीवर मोफत वेळ मिळतो, त्यांच्या उमेदवारांना मतदारयाद्या मोफत मिळतात, अटी पाळणाऱ्या पक्षांना आयकरात सूट असते.

पडताळायचे असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ७७ आणि ७८ वाचा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नियमानुसार १ रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. त्यात पैसा कुठून आला याचा तक्ता असतो: स्वनिधी, पक्षाकडून मिळालेली रक्कम, कर्ज किंवा देणगी.