उथळ काळी जमीन, माळव्यातील

माळव्याच्या पठारावर बेसाल्ट कातळाच्या पायरीवजा रचनेत जे सपाट टप्पे तयार झाले आहेत, त्यांच्यावर आढळणारी गडद करडी ते काळसर तपकिरी रंगाची चिकण जमीन. हिच्यात साधारणतः २५ ते ५० सेंमी. खोलीवर मुरूम किंवा कातळ लागतो. त्याहून कमी खोलीची जमीन अति उथळ समजतात. इंदूरच्या दक्षिणेस महूपासून विंध्याच्या कड्यापर्यंतचा पट्टा, चंबळेचा उगम असलेल्या जानापावचा परिसर आणि रालामंडळ, देवगुराडिया यांसारख्या सुट्या टेकड्यांच्या उतरणी येथे ही जमीन विशेषकरून दिसते. शेतकरी हिला हलकी, मुरमाड किंवा बरड म्हणतात. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची लोकोक्ती सर्वांना पाठ असते, परंतु तिच्यातील ‘गहन गंभीर’ माती ही नदीकाठच्या व सखल भागातील खोल जमीन होय. टप्प्यांवरच्या जमिनीला ते वर्णन लागू पडत नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या भेगी उद्रेकांतून लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खन ट्रॅप तयार झाला. त्याचा आजचा विस्तार सुमारे ५ लाख चौ. किमी. असून माळवा हा त्याचा उत्तरेकडील भाग आहे. ‘ट्रॅप’ ही संज्ञा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आली, आणि टप्पे कसे घडले हे त्या नावातच सांगितलेले आहे. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग घट्ट व कठीण असतो, तर माथ्याकडील भाग वायूच्या पोकळ्यांमुळे सच्छिद्र असतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबूस, भाजल्यासारख्या मातीचा थरही सापडतो. सच्छिद्र खडक व तांबूस थर लवकर झिजतात, घट्ट खडक मागे राहतो. त्यामुळे उभा कडा आणि त्याच्या पायाशी सपाट टप्पा अशी रचना पुन्हा पुन्हा दिसते. सह्याद्रीच्या डोंगरांवर मराठी वाचकाने पाहिलेल्या पायऱ्या याच प्रक्रियेच्या आहेत. फरक इतकाच की माळव्यात त्या बुटक्या व रुंद असल्याने उंचीतला बदल पुष्कळदा डोळ्यांना जाणवतही नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे, तर जानापावची टेकडी सुमारे ८५४ मी. उंच आहे.

टप्प्यावरची माती सर्वत्र सारख्या जाडीची नसते. वरच्या उतारावरून वाहून आलेली बारीक माती टप्प्याच्या आतल्या बाजूस, म्हणजे कड्याच्या पायथ्याशी साचते. बाहेरच्या काठाकडे मात्र धूप होऊन मुरूम उघडा पडतो. म्हणून एकाच शेताच्या एका बांधाशी पीक कमरेएवढे वाढलेले आणि दुसऱ्या बांधाशी गुडघ्यापर्यंतही न पोहोचलेले, असे चित्र येथे नेहमीचे आहे. मातीचा नमुना शेतातील एकाच जागेचा घेऊन सबंध शेताचा निष्कर्ष काढणे येथे हमखास चुकते.

चिकणमातीतील मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातील असून ते पाणी मिळताच फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात भेगा पडतात. परंतु थर पातळ असल्याने त्या खोल जात नाहीत आणि खोल काळ्या जमिनीत दिसणारी, मातीचे थर एकमेकांवर घासून झालेली चकचकीत पृष्ठे येथे सहसा आढळत नाहीत. मृदा सर्वेक्षणात सरोल या नावाने नोंदलेली इंदूर परिसरातील खोल काळी मृदाश्रेणी आणि ही टप्प्यावरची जमीन एकाच कातळापासून निर्माण झालेल्या असूनही वर्गीकरणात वेगळ्या पडतात, त्याचे हेच कारण आहे. जमिनीचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप, pH) बहुधा ७.५ ते ८.५ असतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल, पालाश पुरेसे, तर नत्र व स्फुरद कमी असे हिचे रासायनिक स्वरूप आहे. गंधक व जस्त यांची कमतरताही अनेक ठिकाणी आढळते. सेंद्रिय कर्ब तर अनेक शेतांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. काळा रंग म्हणजे भरपूर ह्यूमस (कुजलेले सेंद्रिय द्रव्य), ही समजूत या जमिनीने खोटी ठरविली आहे. येथे रंग खनिजांमुळे आणि चिकणमातीशी घट्ट बांधल्या गेलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्यामुळे येतो, आणि शेतीच्या दृष्टीने त्या रंगापेक्षा कुदळ किती खाली जाते याला अधिक महत्त्व आहे.

खोलीचे हे महत्त्व पाण्याच्या हिशेबातून स्पष्ट होते. काळी चिकण जमीन दर मीटर खोलीस पिकाला उपलब्ध होईल असे सुमारे १५० ते २०० मिमी. पाणी धरून ठेवते. त्या मानाने ४० सेंमी. जमिनीत ६० ते ८० मिमी. पाणी मावते, आणि मातीत मिसळलेल्या मुरमाची जागा वजा केली की ते ५० ते ६५ मिमी.वर येते. फुलोऱ्यात व शेंगा भरताना सोयाबीनला दिवसाला ४ ते ५ मिमी. पाणी लागते. म्हणजे पावसाने उघडीप दिल्यास साठा जेमतेम बारा दिवसांचा उरतो, आणि निम्मे पाणी संपताच पिकाला ताण बसू लागत असल्याने पाने आठवडाभरातच माना टाकतात. इंदूरला वर्षाकाठी सरासरी ९५० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात येतो. तेव्हा अडचण पावसाच्या प्रमाणाची नसून तो साठविण्याच्या जागेची आहे. याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मुरमातून पाण्याचा निचरा झपाट्याने होत असल्यामुळे अतिवृष्टीच्या वर्षी खोल जमिनीतील पीक पाण्याखाली पिवळे पडत असताना हलक्या जमिनीतील पीक तग धरते, आणि पावसानंतर वाफसाही (मशागतीजोगी ओल) तिच्यावर आधी येतो.

या गुणामुळेच माळव्यातील जुनी पीकपद्धती जमिनीच्या खोलीप्रमाणे विभागलेली होती. खोल काळी जमीन पावसाळ्यात चिखलामुळे कसता येत नसे, म्हणून ती खरिपात पडीत ठेवून, वखरून, मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू व हरभरा घेत. ज्वारी, मका, तूर, भुईमूग यांसारखी खरिपाची पिके हलक्या व मध्यम जमिनीकडे येत. १९७० नंतरच्या दशकांत सोयाबीनचा प्रसार झाला आणि ही विभागणी मोडली. पडीत राहणारी खोल जमीन खरिपात आली, आणि टप्प्यांवरही ज्वारीच्या जागी सोयाबीनच पेरले जाऊ लागले. खोल जमिनीच्या बाबतीत हा बदल लाभाचा ठरला. टप्प्यांबाबत तसे सरसकट म्हणता येत नाही, कारण ज्वारी व तूर यांची मुळे मुरमाच्या फटींतून खाली उतरून ओल शोधतात, तेवढी क्षमता सोयाबीनमध्ये नाही. उथळ जमिनीत सोयाबीन घ्यावयाचे तर जे. एस. ९५-६० सारखे ८५ दिवसांच्या आसपास तयार होणारे वाण निवडणे आणि चार-सहा ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी टाकणे हिताचे असते. रब्बीत ओलिताशिवाय येथे फारसे काही पिकत नाही. एखादे पाणी देता आले तर हरभरा निघतो. गव्हाला मात्र हलक्या पाळ्या वारंवार द्याव्या लागत असल्याने तुषार सिंचन असेल तरच तो परवडतो.

धूप हा या जमिनीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. एक हेक्टरवरून वर्षाला सुमारे १३ टन माती वाहून गेली, तर जमिनीची जाडी एका मिलिमीटरने घटते. दीड मीटर खोल शेतात ही घट कोणाच्या ध्यानातही येत नाही, ३० सेंमी.च्या शेतात मात्र ती एका पिढीत दहा टक्के होते. उताराला आडवी पेरणी, समपातळी बांध, वेचलेल्या दगडांच्या ताली आणि बांधावर गवत हे उपाय जुनेच आहेत व आजही तेच उपयोगी पडतात. वखर जमिनीचा वरचा थरच मोकळा करीत असे. ट्रॅक्टरच्या खोल नांगरणीने खालचा मुरूम वर येतो आणि आधीच थोडी असलेली माती पातळ होते. तलावातील गाळ पसरणे हा खरोखर गुण देणारा उपाय असला, तरी ५ सेंमी.चा थर देण्यास हेक्टरी ५०० घनमीटर गाळ, म्हणजे तीन घनमीटरची ट्रॉली धरल्यास १६५हून अधिक खेपा लागतात. म्हणून तलाव जवळ असलेल्या शेतापुरताच तो व्यवहार्य आहे.

सेंद्रिय द्रव्याच्या तुटवड्यावरील एक महत्त्वाचे काम इंदुरातच झाले. १९२४ मध्ये येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती व राख यांचे थर देऊन, ढीग ठरावीक काळाने पलटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर ओळखली जाते. त्या संस्थेच्या प्रक्षेत्राच्या (प्रायोगिक शेताच्या) जागी आज कृषी महाविद्यालय आहे. कर्ब वाढल्याने पातळ थराची पाणी धरण्याची शक्ती थोडीफार सुधारते, त्यामुळे ही पद्धत टप्प्यांवरच्या शेतीला विशेष उपयोगी आहे. अडचण अशी की शेणाच्या गोवऱ्या होतात आणि काड जाळले जाते.

अति उथळ भागात नांगर न घालणेच श्रेयस्कर होय. तेथे मारवेलसारख्या गवतांची कुरणे राखली, तर गुरांना चारा मिळतो आणि माती जागेवर राहते. मुरूम फोडून खड्डे घेतल्यास सीताफळ, बोर व आवळा ही झाडे चांगली येतात.

शेतीला अपुरी ठरणारी हीच जमीन बांधकामाला मात्र पसंत पडते. खोल काळ्या मातीत इमारतीचा पाया फुगण्या-आकसण्याने हलतो. टप्प्यावर थोड्याच खोदाईत कातळ लागतो. रस्त्यांच्या भरावासाठी मुरूमही येथूनच उचलला जातो, आणि मुरूम काढून नेलेल्या जागी पुन्हा शेत होत नाही.