छापून येण्याआधीचे कागद

जून 1991. कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनच्या भौतिकशास्त्र केंद्रात उन्हाळी कार्यशाळा चालू होती. गप्पांच्या ओघात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) स्पेंटा वाडिया यांनी एक व्यवहारातली अडचण सांगितली. आपण इकडे फिरतीवर आणि तिकडे ई-मेलने शोधनिबंध येऊन पडताहेत, परत जाईपर्यंत संगणकावर वाट्याला आलेली डिस्कची जागा भरून जाईल की काय. ऐकणाऱ्यांत लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे पॉल गिन्सपार्ग होते. त्यांनी विचार केला, निबंध प्रत्येकाच्या दारात नेऊन टाकायचेच कशाला? एका जागी ठेवावेत, रोज यादी कळवावी, हवा त्याने मागवून घ्यावा. 14 ऑगस्टला त्यांच्या टेबलाखालच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर ही सोय सुरू झाली. तीच पुढे ‘आर्काइव्ह’ म्हणून जगभर माहीत झाली.

खुल्या ज्ञानाच्या चळवळीचा इतिहास सांगताना बरेच जण इथूनच सुरुवात करतात. मला ती सुरुवात अपुरी वाटते. हे सगळं केवळ संगणकाने घडवलं असतं, तर इंटरनेट सगळ्यांच्या हाती आल्यावर अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्रही त्याच वाटेने गेले असते. ते गेले नाहीत. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हे रोज जाणवतं. भौतिकशास्त्रातला विद्यार्थी सकाळी चहाबरोबर आर्काइव्हची यादी चाळतो, अर्थशास्त्रातला कुठल्या संस्थेचा नवा वर्किंग पेपर, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा, आला ते पाहतो, आणि शिक्षणशास्त्रातला ग्रंथालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो. या तीन सवयी संगणकाच्या आधीच्या आहेत.

भौतिकशास्त्रातली सवय टपालाने लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर कणभौतिकी इतक्या वेगाने पुढे सरकत होती की जर्नलमध्ये छापून येईपर्यंत निबंध शिळा व्हायचा. म्हणून लेखक जर्नलकडे हस्तलिखित पाठवतानाच त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून ओळखीच्या संस्थांना धाडत. याच प्रतींना प्रीप्रिंट म्हणत. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयाने 1969पासून आलेल्या प्रीप्रिंटांची साप्ताहिक यादी काढायला घेतली. त्यातला जो छापून येई तो ‘अँटी-प्रीप्रिंट’ म्हणून वेगळा नोंदवला जाई. कण आणि प्रतिकण यांत आयुष्य घालवणाऱ्या मंडळींना हा विनोद न सुचता तर नवल. 1974पासून ही यादी संगणकावर गेली आणि तिला स्पायर्स हे नाव मिळालं.

या टपालात उजवा-डावा होता. पाकीट आधी मोठ्या प्रयोगशाळेत जाई, तिथून कुणी झेरॉक्स काढून पुढे देई, त्याची झेरॉक्स आणखी पुढे. लहान विद्यापीठातल्या किंवा आपल्यासारख्या दूरच्या देशातल्या संशोधकाच्या हाती तो निबंध पडेपर्यंत त्यावरचं उत्तरही लिहून झालेलं असे. गिन्सपार्ग यांनी आपल्या यंत्रणेमागचं हेच कारण पुन्हा पुन्हा सांगितलं आहे: सगळ्यांना एकाच दिवशी एकच गोष्ट कळावी.

मधला दुवा होता ‘टेक’. डोनाल्ड नूथ यांनी 1978मध्ये गणिताची सूत्रं जुळवण्यासाठी केलेली ही संगणकप्रणाली. तिच्यामुळे सूत्रांनी भरलेला निबंधही साध्या अक्षरांच्या फायलीत बसायला लागला, आणि अशी फाइल ई-मेलने जाऊ शकत होती. 1989पासून प्रिन्स्टनमधल्या जोअ‍ॅन कोन अशा फायली गोळा करून शंभराहून अधिक सहकाऱ्यांना हाताने पाठवत असत. वाडियांची डिस्क भरत होती ती याच टपालाने. गिन्सपार्ग यांनी कोन यांचं हे हातकाम यंत्राच्या हवाली केलं.

त्यांचा अंदाज वर्षाला 100 निबंधांचा होता. तीन महिन्यांनी जुने निबंध पुसून टाकायचे असंही ठरलं होतं, कारण तोवर कागदी प्रती सगळीकडे पोचलेल्या असतील. पहिल्या सहाच महिन्यांत 400 आले आणि पुसायचं राहून गेलं ते कायमचं. त्या काळातला क्रमांकच पाहा: 9108001. म्हणजे 91 साल, आठवा महिना, त्या शाखेतला पहिला निबंध. महिन्याला तीन आकडी संख्या पुरेल अशी तेव्हा खात्री होती. 2007मध्ये सगळ्या शाखांना मिळून एकच क्रम आला तेव्हा चार आकडे घेतले, 2015मध्ये पाच करावे लागले. आता महिन्याला 20 हजारांहून अधिक निबंध येतात. गिन्सपार्ग 2001मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि संग्रहही त्यांच्याबरोबर गेला. लॉस अलामॉसने पगारवाढीच्या वेळी त्यांना ‘सर्वसाधारण’ ठरवलं होतं, संगणकाचं खास कौशल्य नाही असा शेराही दिला होता, आणि तो त्यांनी स्वतःच मजेत जगजाहीर केला.

जीवशास्त्राने असाच प्रयोग याच्या 30 वर्षं आधी करून पाहिला होता, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1961मध्ये विषयवार गट करून छपाईआधीचे निबंध टपालाने वाटायला सुरुवात केली. जर्नलांनी असे निबंध छापायला नकार दिला आणि 1967मध्ये सगळं गुंडाळावं लागलं. भौतिकशास्त्राच्या जर्नलांनी मात्र प्रीप्रिंटकडे सहसा डोळे वटारले नाहीत. अर्थात तिथे लेखक, वाचक आणि परीक्षक हा एकच गोतावळा होता, वटारणार कोणावर?

अर्थशास्त्रात घाई वेगळ्या कारणाने होती. अर्थशास्त्रज्ञ ग्लेन एलिसन यांनी 2002मध्ये आपल्याच विषयाच्या जर्नलांचा हिशेब मांडला. 1970च्या सुमाराला निबंध पाठवल्यापासून स्वीकारेपर्यंत सहा ते नऊ महिने लागायचे, शतक संपताना आघाडीच्या जर्नलांत दोन वर्षांच्या आसपास. परीक्षक एकेक निबंध पुन्हा पुन्हा लिहून मागू लागले होते. तोवर व्याजदर बदलतात, सरकारंही बदलतात. मग चर्चा वर्किंग पेपरवरच व्हायला लागली. अमेरिकेतल्या एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेची पिवळ्या मुखपृष्ठांची वर्किंग पेपर मालिका 1973ची. या मालिकेत पेपर येणं हीच मोठी पावती, कारण तिथे संस्थेशी जोडलेल्यांनाच जागा. भौतिकशास्त्रज्ञाने सगळ्यांच्या ढिगात आपला कागद ठेवला, अर्थशास्त्रज्ञ घराण्याच्या नावाने बाहेर पडला.

टॉमस क्रिशेल यांनी 1993पासून अर्थशास्त्रासाठी खटपट केली आणि 1997मध्ये ‘रेपेक’ हे वर्किंग पेपरांच्या माहितीचं जाळं उभं राहिलं, तेही या घराणेशाहीला धरूनच. रेपेकमध्ये निबंध ठेवले जात नाहीत. प्रत्येक संस्था आपले पेपर आपल्याच सर्व्हरवर ठेवते, शेजारी ठरलेल्या नमुन्यात एक छोटी माहितीची फाइल ठेवते आणि रेपेक तेवढी माहिती गोळा करून जोडतं. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेची पेपरमालिका अशीच त्यात दिसते. मला ही रचना आर्काइव्हपेक्षा हुशारीची वाटते, कारण कोणाचीही मालकी न काढता तिने सगळे एकत्र आणले. एसएसआरएन हे सामाजिक शास्त्रांच्या निबंधांचं दुसरं भांडार 1994चं. ते 2016मध्ये एल्सेव्हिअरने विकत घेतलं, तेव्हा आपले निबंध एका प्रकाशन कंपनीच्या गोदामात गेले हे अनेकांना त्या दिवशी कळलं. आणखी एक परिणाम गमतीचा झाला. लेखकाचं नाव परीक्षकापासून झाकण्याची पद्धत अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने 2011मध्ये आपल्या जर्नलांत सोडून दिली. शीर्षक गूगलवर टाकलं की वर्किंग पेपर नावासकट समोर येई, मग झाकायचं काय?

आपल्याकडे अर्थशास्त्राला आणखी एक वाट होती, साप्ताहिकाची. गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी 1971मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या लागोपाठच्या अंकांत आला. त्यावरून पेटलेला वाद कित्येक वर्षं चालला, आणि तोही बराचसा त्याच साप्ताहिकात.

शिक्षणशास्त्राकडे ना टपालाचा गोतावळा होता ना घराणी. तिथे पैसा आणि यंत्रणा दोन्ही सरकारकडून आली. 1957मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला आपल्या शाळांची काळजी वाटू लागली, आणि त्या ओघात 1960च्या दशकाच्या मध्याला संघीय शिक्षण कार्यालयाने ‘एरिक’ ही यंत्रणा उभी केली. जिल्ह्यांचे अहवाल, परिषदांतली टिपणं, अभ्यासक्रमांचे आराखडे, जे कुठल्याच जर्नलमध्ये येणार नव्हतं आणि कपाटात हरवणार होतं, ते तिने गोळा करायचं. इंग्रजीत अशा लिखाणाला ‘फरार साहित्य’ म्हणायचे, आणि नाव अगदी चपखल आहे. गोळा केलेलं मायक्रोफिशवर जाई. पोस्टकार्डाएवढी पारदर्शक फिल्म, वरच्या कडेला डोळ्यांनी वाचता येईल असं शीर्षक आणि ‘ईडी’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, खाली नखाएवढ्या चौकटींच्या रांगा. एका कार्डात 98 पानांपर्यंत मजकूर. वाचनयंत्राच्या काचेत कार्ड सरकवायचं, हँडल एक केस इकडेतिकडे झालं की तीन पानं पुढे. ज्यांनी असं वाचन केलं आहे त्यांना ती मळमळ आठवत असेल.

हे सगळं ज्या शिक्षकांसाठी होतं ते शोधनिबंध लिहिणारे नव्हते. इथे लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा, त्यामुळे ‘मी माझा कागद तुला देतो, तू तुझा मला दे’ हा व्यवहारच जमला नाही. मधे सूचीकार, ग्रंथपाल, सरकारी खातं लागलंच. मध्यस्थाच्या जबाबदाऱ्याही मग त्यानेच निस्तरायच्या. 2012च्या ऑगस्टमध्ये जुन्या स्कॅन केलेल्या अहवालांत लोकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतले खासगी ओळखक्रमांक) सापडले आणि एरिकला हजारो पीडीएफ एका झटक्यात बंद करून, तपासून तपासून, पुन्हा खुल्या कराव्या लागल्या. शिक्षणशास्त्राचं स्वतःचं प्रीप्रिंट भांडार, ‘एडआर्काइव्ह’, 2019चं.

भारतात एरिकसारखं काही झालं नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून म. बा. बुच यांनी 1974मध्ये शैक्षणिक संशोधनाचा पहिला सर्वेक्षण-ग्रंथ काढला, पुढे त्याचे आणखी खंड आले, आणि कित्येक वर्षं ‘बुचमध्ये पाहिलंस का?’ हाच मार्गदर्शकाचा पहिला प्रश्न असे. त्यात सारांश मिळे, मूळ प्रबंध ज्या त्या विद्यापीठाच्या कुलुपात. 2009च्या यूजीसी नियमांनी पीएचडीचा प्रबंध इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे देणं आवश्यक केलं आणि ते प्रबंध गांधीनगरच्या ‘शोधगंगा’त जमा होऊ लागले. तिथे प्रबंध सहसा तुकड्यांनी उघडतो: 01 टायटल, 02 सर्टिफिकेट, 03 डिक्लरेशन, असं करत करत दहाव्या फायलीच्या आसपास पहिलं प्रकरण. मराठीतले शिक्षणशास्त्राचे जुने प्रबंधही त्यात आहेत. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या एका प्रबंधातला परिच्छेद मी परवा कॉपी करून पाहिला. पडद्यावर सुबक देवनागरी दिसत होती, पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं उमटली. सर्चमध्ये ‘जिल्हा परिषद शाळा’ टाकून तो प्रबंध कधीच सापडणार नव्हता. मला तो सापडला होता ग्रंथपालांनी क्रमांक लिहून दिला म्हणून.