स्टर्टचा वाळवंटी वाटाणा

(शास्त्रीय नाव : स्वेनसोना फॉर्मोसा, कुल : फॅबेसी). ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात जमिनीवर पसरत वाढणारी वनस्पती. बहुधा वर्षायू, क्वचित दोन-तीन वर्षे टिकते. फांद्या 2 मी.पर्यंत पसरतात. पाने संयुक्त, राखाडी हिरवी, मऊ लव असलेली.

हादग्याचे फूल हातात घेऊन पाहिलेल्याला याची घडण लगेच कळेल. ध्वजक (सर्वांत वरची मोठी पाकळी) वर उभारलेला, नौतल (खालच्या जुळलेल्या, होडीसारख्या पाकळ्या) खाली लोंबणारे, एकूण लांबी सु. 9 सेंमी. रंग मात्र लालभडक, आणि ध्वजकाच्या तळाशी काळाकुळकुळीत, चकचकीत फुगवटा. उभ्या दांड्यावर अशी पाच-सहा फुले घोसाने येतात. पिट्जंट्जट्जारा या ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषेतले ‘मालुकुरु’ म्हणजे कांगारूचे डोळे, हे नाव या फुगवट्याला चपखल बसते. परागण पक्षी करतात.

इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपिअर यांनी 1699 च्या ऑगस्टमध्ये वायव्य किनाऱ्याजवळच्या बेटावर गोळा केलेला नमुना ऑक्सफर्डला आजही जपलेला आहे. प्रचलित नाव 1844 च्या मोहिमेत ही फुले पाहणारे समन्वेषक चार्ल्स स्टर्ट यांच्यावरून पडले. 1961 मध्ये हे साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपुष्प झाले.

लागवड : अवर्षण सोसणारे झाड म्हणजे कसेही लावले तरी जगणारे, हा समज येथे साफ चुकतो. ही वनस्पती उन्हाला भीत नाही. भिते ती साचलेल्या पाण्याला आणि मुळाला लागलेल्या धक्क्याला. बीचे कवच इतके टणक असते, की रानात ते चांगल्या पावसाची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहते. घरी डोळ्याची (बी शेंगेला जोडलेले असते त्या खुणेची) बाजू सोडून बी पॉलिश पेपरवर हलके घासावे व रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. सकाळी टम्म फुगलेले तेवढेच बी पेरावे. न फुगलेले पुन्हा घासावे. सोटमूळ सरळ खोल जात असल्याने वाळूमिश्रित मातीत, भर उन्हाच्या जागी, कायमच्या ठिकाणीच पेरणे उत्तम. कुंडी उथळ नको. उभ्या पाइपाचा लांब तुकडा तिच्यापेक्षा बरा. पाणी बुडाशी द्यावे, पानांवर नव्हे, आणि माती सुकू दिल्यावरच पुन्हा द्यावे. कोवळी रोपे गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात. मूळकूज टाळण्यासाठी युरोपातील माळ्यांनी कोल्युटिया या त्याच कुलातील झुडपाच्या रोपावर याचे कलम बांधण्याची रीत काढली. काम नाजूक आहे, पण ओलसर हवेच्या प्रदेशात तोच भरवशाचा मार्ग ठरला.