मोनोरेलच्या स्वयंचलनाची पार्श्वभूमी : फ्लोरिडा ते मडगाव

मनोरंजन उद्यानातील मोनोरेल संगणकाच्या ताब्यात देण्याचा विषय निघाला की बोलणे बहुधा कार्यक्षमतेपासून सुरू होते. दोन गाड्यांमधील अंतर कमी होईल, तासाला अधिक प्रवासी जातील आणि फलाटावरील रांगा आखूड होतील, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलवर २०१४ च्या सुमारास थालेस कंपनीची स्वयंचलन यंत्रणा बसवण्याचे काम सुरू झाले, त्यामागील घटना क्रमाने पाहिल्या की कार्यक्षमता हा या गोष्टीचा उत्तरार्ध आहे, हे ध्यानात येते. पूर्वार्ध आहे तो गाडी नेमकी कुठे आहे आणि पुढील मार्ग खरोखर मोकळा आहे का, याची खातरजमा कोणी करायची, या प्रश्नाचा. मडगावची स्कायबस, म्हणजे वरच्या मार्गाला लटकून चालणारी गाडी, पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

आज उद्यानांत दिसते त्या धाटणीची मोनोरेल मूळची जर्मनीतील. स्वीडिश उद्योगपती अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन यांच्या ‘आल्वेग’ कंपनीने १९५२ साली कोलोन शहराजवळ तिची चाचणी सुरू केली. काँक्रीटची एकच तुळई, तिच्या माथ्यावर धावणारी रबरी चाके आणि दोन्ही बाजूंनी तिला धरून ठेवणारी आडवी चाके, अशी ही रचना आहे. वॉल्ट डिस्ने यांनी ती कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आणली आणि १४ जून १९५९ रोजी ती तेथे सुरू झाली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडातील उद्यान उघडले तेव्हा मोनोरेल ही तेथील खरीखुरी वाहतूक व्यवस्था बनली होती, कारण वाहनतळ आणि प्रवेशद्वार यांच्यामध्ये मोठे तळे होते आणि ते ओलांडायला बोट किंवा मोनोरेल यांचाच आधार होता. १९८२ साली एप्कॉट उद्यानापर्यंत मार्ग वाढला आणि एकूण लांबी सुमारे २४ किलोमीटर झाली. १९८९ ते १९९१ या काळात बंबार्डियर कंपनीने बांधलेल्या सहा डब्यांच्या बारा नव्या गाड्या आल्या. प्रत्येक गाडी तिच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखली जाते.

या गाड्या पहिल्या दिवसापासून माणसेच चालवत होती, आणि ही बाब विचार करायला लावणारी आहे. त्याच उद्यानात १९७५ पासून चालकाविना धावणारी छोट्या डब्यांची ‘पीपलमूव्हर’ ही गाडी होती. मार्गात बसवलेल्या रेखीय विद्युत मोटारी तिला ढकलत असत, आणि हेच तंत्र पुढे १९८१ साली ह्यूस्टनच्या विमानतळावरही वापरले गेले. म्हणजे चालकाविना गाडी चालवण्याची कल्पना त्या कंपनीला नवी नव्हती. पण पीपलमूव्हर संथ गतीने एकाच बंद वर्तुळात फिरते, तिला सांधे बदलावे लागत नाहीत. मोनोरेलला ते बदलावे लागतात, आणि माझ्या मते सगळा इतिहास या सांध्यांपाशी येऊन थांबतो.

रेल्वेचा सांधा म्हणजे रुळांच्या निमुळत्या पात्यांची थोडीशी हालचाल असते. मोनोरेलमध्ये मात्र तुळईचा अखंड भागच यंत्राने बाजूला सरकवून दुसऱ्या तुळईशी जुळवावा लागतो. हे काम सावकाश होते. असे सांधे महाग पडतात, म्हणून ते मोजकेच ठेवले जातात आणि एखाद्या गाडीला मार्ग बदलायचा झाला की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. पुढच्या गाडीला ओलांडून जाण्याची सोय नसते. त्यामुळे एका स्थानकात एखाद्या कुटुंबाला चढायला वेळ लागला तरी त्याचा परिणाम साखळीने मागेपर्यंत पोहोचतो.

टक्कर टाळण्यासाठी तेथे ‘मॅपो’ नावाची यंत्रणा होती. मार्गाचे खंड पाडलेले होते आणि पुढची गाडी किती खंड दूर आहे, त्यानुसार चालकासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागत असे. लाल दिवा लागला की गाडीचा आपत्कालीन ब्रेक आपोआप बसे. सरळ जाणाऱ्या गाडीसाठी हे संरक्षण चांगले होते. उलट दिशेने जायचे असेल तर मात्र ते तात्पुरते बाजूला ठेवावे लागे, आणि त्या वेळी सारी भिस्त रेडिओवरील बोलण्यावर राही.

५ जुलै २००९ च्या पहाटे दोनच्या सुमारास हेच घडले. दिवसभराची सेवा संपवून गुलाबी गाडी एप्कॉट मार्गावरून दुसऱ्या तुळईवर जाऊन कारशेडकडे परतणार होती. त्यासाठी तिने सांध्याच्या पुढे जाऊन थांबायचे आणि सांधा फिरल्यावर मागे यायचे, अशी पद्धत होती. सांधा फिरलाच नाही. तो फिरल्याचे समजून गाडीला मागे येण्याची परवानगी देण्यात आली, आणि ती ज्या मार्गाने गेली त्याच मार्गाने परत येऊन स्थानकात उभ्या असलेल्या जांभळ्या गाडीवर आदळली. जांभळ्या गाडीचा एकवीस वर्षांचा चालक मृत्युमुखी पडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती नोंदवले की कारशेडमधील सांधाचालकाने सांधा योग्य स्थितीत आणला नव्हता आणि समन्वयकाचे काम पाहणाऱ्या व्यवस्थापकाने परवानगी देण्यापूर्वी त्याची पडताळणी केली नव्हती. हा व्यवस्थापक त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता; उद्यानाबाहेरील एका उपाहारगृहातून तो रेडिओवर सूचना देत होता. लेखी कार्यपद्धतींचा अभाव हेही एक कारण मंडळाने नमूद केले. त्यानंतर चालकाशेजारी पुढच्या कक्षात बसण्याची पाहुण्यांची सवलत बंद झाली आणि गाडी उलट नेताना चालकाने दुसऱ्या टोकाच्या कक्षात जावे, असा नियम झाला.

हे नियम आवश्यक होते, पण त्यांनी प्रत्येक हालचाल अधिक वेळखाऊ केली. सुरक्षितता आणि वेग यांचे येथे भांडण दिसते. ते मिटवायचे तर पडताळणी माणसाच्या शब्दावर न ठेवता यंत्रावर सोपवावी लागते. तेव्हा थालेसकडे असलेली ‘सेलट्रॅक’ ही यंत्रणा नेमके तेच करते. तिचा जन्म १९७० च्या दशकात जर्मनीत झाला आणि १९८५ साली व्हँकुव्हरची चालकविरहित स्कायट्रेन तिच्यावर धावू लागली. तीत मार्गाचे ठरावीक खंड नसतात. प्रत्येक गाडी आपले स्थान आणि वेग सतत कळवत राहते, आणि पुढच्या गाडीपर्यंतचे सुरक्षित अंतर संगणक क्षणोक्षणी मोजतो. वेग दुप्पट झाला तर थांबायला साधारण चौपट अंतर लागते, म्हणून वेग कमी असताना गाड्या अधिक जवळ येऊ देणे निर्धोक असते. ठरावीक खंडांच्या पद्धतीला ही सवलत देता येत नाही. सांधा जुळून कुलूपबंद झाल्याचा संदेश आल्याशिवाय गाडीला पुढे सरकण्याची मुभाच मिळत नाही. कार्यक्षमतेचा लाभ यातूनच निघतो. साडेतीनशे प्रवाशांची गाडी दर चार मिनिटांनी सुटली तर तासाला ५,२५० प्रवासी जातात. तीच दर तीन मिनिटांनी सुटली तर ७,०००.

फ्लोरिडाला हे पाऊल उशिरा उचलावे लागले, असे म्हटले तर चूक नाही. टोकियो डिस्ने रिसॉर्टची मोनोरेल २७ जुलै २००१ रोजी सुरू झाली तीच मुळी चालकाविना, फक्त मागच्या कक्षात एक कर्मचारी ठेवून. लास वेगासची चालकविरहित मोनोरेल २००४ मध्ये धावू लागली आणि तिच्या गाड्या तर फ्लोरिडाच्याच गाड्यांच्या वंशातील आहेत. मात्र नवा मार्ग स्वयंचलित बांधणे आणि रोज गजबजलेल्या जुन्या मार्गावर, जुन्या गाड्यांत नवी यंत्रणा घालणे, ही दोन वेगळी कामे आहेत. फ्लोरिडात यंत्रणा आल्यानंतरही गाडीत चालक राहिला. उंच तुळईवर गाडी अडकली तर प्रवाशांना धीर द्यायला आणि बाहेर काढायला माणूस लागतोच.

आपल्याकडील अनुभव याहून कटू आहे. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या कारकिर्दीत मडगावला सुमारे १.६ किलोमीटरचा स्कायबसचा चाचणी मार्ग उभारला. डबे वरच्या मार्गाला लटकून चालणार, अशी ती योजना होती. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या वेळी झालेल्या अपघातात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. प्रकल्प त्यातून सावरला नाही आणि २०१३ साली तो गुंडाळण्याचा निर्णय झाला. याच कोकण रेल्वेने गाड्यांची टक्कर रोखणारे ‘रक्षा कवच’ हे उपकरणही विकसित केले होते, ही गोष्ट आपण गोव्यात पुरेशी आठवत नाही. गाडीने स्वतःचे स्थान ओळखावे आणि धोका दिसताच स्वतः थांबावे, हा विचार आपल्या परिसरातील अभियंत्यांनी तेव्हाच केला होता.

मुंबईची मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा अशी सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. गाड्यांची कमतरता आणि वारंवार होणारे बिघाड यांमुळे ती रखडत राहिली. अखेर २० सप्टेंबर २०२५ पासून ती बंद ठेवून नव्या गाड्या आणि गाड्यांशी सतत संपर्क ठेवणारी सिग्नल यंत्रणा बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. नोव्हेंबरमध्ये वडाळ्याला चाचणी सुरू असताना एक नवी गाडी तुळईवर कलली. तिच्यात प्रवासी नव्हते.